भांडं कोरडं होतं

९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मला लिहायला सांगितलं आहे. अक्षर माझं असलं तरी पहिला मजकूर काकीचा आहे. तो मी जसाच्या तसा देते, म्हणजे मी मध्ये काही गाळलं किंवा घातलं असा संशय नको.

"बाबा अतिदक्षता विभागात आहेत. न्यूमोनिया झाला, त्याचं विष अंगभर पसरलं, श्वासासाठी घशात नळी घातली आहे. आता मूत्रपिंडांनीही काम बंद केलंय, डायलिसिस चालू आहे. वाचतील म्हणतात, पण घरी आल्यावर बरेच महिने जपावं लागेल. तू झालं गेलं विसरून ये. आम्ही मोठ्या मनाने सगळं पोटात घातलं आहे. तुझा दोष नव्हता हे आता कळलं. ते आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे."

मजकूर संपला. इथून पुढे मी.

पोटात घातलं म्हणे. सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे जे ओकत होते, ते आता पोटात घातलं.

घरात आता त्या गोष्टीची नवी आवृत्ती निघाली आहे, म्हणून जुनीही लिहून ठेवते. जुनी अशी: काकांना ताप आणि जुलाब होते, अंग ठणकत होतं. तू हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आलीस आणि त्यांना दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलंस. त्यानंतर त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली, आठवड्याच्या आत काका गेले. घरच्याच नर्सने मारलं. काकीने तुझी बॅग जिन्यात ठेवली आणि बाबांनी दार लावून घेतलं. नवी आवृत्ती अशी: काकांचं जे झालं तेच आता बाबांचं झालं, बाबांना तर कुणी सुई टोचली नव्हती, म्हणजे दोष रक्तातला, म्हणजे तू निर्दोष. जुनी ऐकून मला रडू यायचं. नवी ऐकून किळस येते.

कारण नवी आवृत्ती कधी जन्मली ते मी पाहिलं आहे. घरी आणल्यावर बाबांचं कोण करणार, यावर काकी आणि आत्या बोलत होत्या. आत्या म्हणाली, "माझी कंबर बघ. मला जमायचं नाही." काकी म्हणाली, "बाहेरच्या बायका टिकत नाहीत. आपल्या घरात शिकलेली नर्स असताना परकी कशाला आणायची?" चहा गार व्हायच्या आत तू निर्दोष सुटलीस.

तुझा फोन लागत नाही. हा पत्ता तुझ्या जुन्या मैत्रिणीने दिला, तोही मी तीनदा मागितल्यावर. तुला नको असेल तर पत्र परत पाठव. मला वाईट वाटेल, पण पटेल.

तुझी,
खुसपट
(अजून सगळे मला याच नावाने हाक मारतात. तू ठेवलेलं एवढंच घरात शिल्लक आहे.)


१६ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं असं धरून चालते.

माझं सांगायचं राहिलं. बाबा ज्या हॉस्पिटलात आहेत त्याच्याच संशोधन विभागात मी काम करते. विषय ऐकलास तर हसशील. अतिदक्षता विभागात एकसारखे आजारी असलेले दोन रुग्ण असतात. एकाची मूत्रपिंडं अचानक बंद पडतात, दुसऱ्याची नाही. असं का, आणि त्यात जनुकांचा हात किती, हे शोधायचं. माझं काम जोडीदार लावण्याचं. मूत्रपिंडं गेलेला एक रुग्ण घेतला की तशाच वयाचा, तशाच आजाराचा, तीच औषधं घेतलेला, पण मूत्रपिंडं शाबूत राहिलेला दुसरा शोधायचा, आणि दोघांचं रक्त तपासायला ठेवायचं. जोडीदार चुकीचा लागला तर सगळा हिशेब वाया जातो. मला हे काम का जमतं ते तुला ठाऊकच आहे. आई गेल्यावर नऊ वर्षांची होईपर्यंत मी घरातच शिकले. काकांनी झाडं शिकवली, तू वाचायला शिकवलंस आणि बाबांनी लिहायला. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, त्यांच्या लिहिण्यालाही काटा होता. आधी काय झालं ते आधी, नंतर काय झालं ते नंतर. माझ्या साध्या 'आज आम्ही बागेत गेलो' मध्येही क्रम चुकला की पान फाडून हातात द्यायचे.

आता हे रक्ताचं खूळ कुठून आलं ते क्रमाने लिहिते. वॉर्डातल्या डॉक्टरांनी काकीला विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. काकी म्हणाली, माझ्या नवऱ्याला, यांच्या सख्ख्या भावाला. तिथून आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे या अभ्यासाचे प्रमुख, चालले होते. ते थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान फिरवावी लागली. आतल्या खाटेवर माझा बाप नळ्यांत गुंडाळलेला आणि हे म्हणतात, "दोन सख्खे भाऊ? अगं, तू सांगितलं का नाहीस? सोन्यासारखं कुटुंब आहे तुमचं."

काकीला त्यातलं 'सोन्यासारखं कुटुंब' तेवढं ऐकू आलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तसे आहोतच आम्ही."

मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं की माझ्या वडिलांच्या नमुन्याला मी हात लावणार नाही, ते बरोबर दिसत नाही. ते म्हणाले, "एवढं काटेकोर राहिलीस तर पंचविशीतच केस पिकतील." पण मानलं. बाबांचं काम माझ्या सोबतिणीकडे दिलं. आम्ही तिला बडबडी म्हणतो.

जाता जाता ते काकीला म्हणाले, "आनुवंशिक काहीतरी असू शकेल, बघू." काकी प्रतीक्षालयात पोचेपर्यंत त्यातलं 'असू शकेल' गळालं, आत्याने फोन लावेपर्यंत 'बघू' गळालं, आणि संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना कळलं की हॉस्पिटलने शोध लावला.

ताई, शोध वगैरे काही नाही. बाबांच्या रक्ताची नळी फ्रीझरमध्ये पडून आहे, तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. आणि विचारलं तरी एकट्या माणसाबद्दल ती काही सांगणार नाही. शेकडो माणसांचं मिळून एवढंच निघतं की जनुकांची अमुक ठेवण असलेल्यांना धोका थोडा जास्त. थोडा. त्याने कुणी दोषी ठरत नाही आणि कुणी सुटतही नाही. हे मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "तू तुझ्या बहिणीच्या बाजूने आहेस की विरुद्ध?"

प्रतीक्षालयाबद्दल लिहिणार नव्हते, पण लिहिते, कारण दुसरं कुणी ऐकत नाही. खुर्च्यांना आधीच्या माणसाच्या घामाची ऊब असते. जंतुनाशकाचा वास आणि शिळ्या जेवणाच्या डब्यांचा वास एकमेकांत मुरले आहेत. आत्या तिथे बसून केळं खाते आणि साल हातात धरून आल्यागेल्याला आपल्या रक्तातल्या दोषाचं वर्णन ऐकवते, जणू घरात कुणाला पदक मिळालं आहे. मी घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुते. तरी जात नाही.

खुसपट


२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. मागे चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आहे. तू तिथे कामाला आहेस का? नर्सिंग सोडलंस? मला कुणी सांगितलं नाही. कुणाला माहीतच नसेल.

पुढच्या बाजूला तुझी एवढीच ओळ: "बाबांना बरं वाटो. माझ्या हातात परत सुई देऊ नका, एकदा झालं ते पुरे."

मी ती ओळ बाथरूममध्ये जाऊन वाचली, कारण काकी मागून डोकावत होती. मला वाटायचं तू आमच्यावर चिडून गेलीस आणि चिडूनच राहिलीस. मला त्याचाच आधार होता. तू खरं मानलं असशील, तू स्वतः मानत असशील की काका तुझ्या हातून गेले, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. घरच्यांनी म्हणणं वेगळं. तू म्हणू नकोस.

आता मोह होतो. तुला लिहावं, हो, रक्तातलंच होतं, शास्त्रात सिद्ध झालंय, मोठ्या डॉक्टरांचा शिक्का आहे. तू विश्वास ठेवशील, माझ्यावर ठेवतेसच. पण ते खोटं आहे आणि ते काकीचं खोटं आहे, आणि तुला दिलासा द्यायला मला तीच उष्टी वाटी पुढे करायची नाही.

मला जे स्वतःला आठवतं तेवढं लिहिते. मी जिन्यात बसले होते. तू आलीस, चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास. काकांच्या खोलीच्या दारातून तू विचारलंस, "लघवी होतेय ना नीट?" बाबा आतून म्हणाले, "होतेय, होतेय." मग तू बॅग उघडलीस. म्हणजे तू विचारलं होतंस. नर्सने विचारायचं ते तू आधी विचारलंस. घरातल्या दोन्ही आवृत्त्यांत हे वाक्य नाही.

तू म्हणशील, म्हणूनच तर, आधी होत होती, माझ्या सुईनंतर बंद झाली.

बाबांच्या घशातली नळी काढली. आवाज बसलाय, पण हट्ट जागेवर आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: "तिला लिहिलं का?" दुसरं: "हे घड्याळ मागे आहे."

खुसपट


३ मार्च

ताई,

हे बसून वाच. दुकानात असशील तर घरी गेल्यावर वाच.

आज दुपारी बडबडी बाबांना प्रश्न विचारायला आली. घरातल्या आजारांची माहिती घ्यायची असते. मी उठून जाणार होते, पण बाबांनी माझा हात धरून ठेवला. मी खुर्ची भिंतीकडे सरकवून बसले आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं.

बडबडी त्यांना 'सर' म्हणाली. ताई, त्यांना आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. ते उशीवर वर सरकले.

"सर, तुमच्या घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता?"

"माझ्या धाकट्या भावाला. त्यातच गेला."

"त्यांना तेव्हा काही औषध दिलं होतं? दुखण्यावरचं वगैरे?"

"इंजेक्शन दिलं होतं. माझ्या थोरलीने."

"आणि लघवी बंद झाली ती इंजेक्शननंतर, असं लिहू?"

"नाही, नाही. आधी बंद झाली. आदल्या सकाळपासून. इंजेक्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्याचं भांडं मीच बघत होतो ना. कोरडं होतं."

"वा. किती नीट आठवतं तुम्हाला. नाहीतर लोक काहीही सांगतात."

"मला क्रम लागतो," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, काटा मधोमध उभा राहिला की दुकानात असायचं ते.

बडबडी गेली. जाताना माझ्याकडे बघून हसली, तिला काय कळणार. मी तिथेच बसून होते. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती, तळाला चहासारखी थोडीशी. मी तिच्याकडे बघत विचारलं, "मग ताईने दारातून विचारलं तेव्हा 'होतेय' असं का म्हणालात?"

"कधी?"

"मी जिन्यात होते, बाबा."

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्स बोलावली असती. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. काकी आदल्या दिवसापासून दवाखाना दवाखाना करत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, काही लागत नाही, उद्या उठून बसेल. मग माझ्या शब्दाला काय राहिलं असतं?"

"आणि नंतर? सहा वर्षं?"

"काकीला कुणावर तरी राग काढायचा होता. दिवस कठीण होते. थोरली तरुण होती, हातात नोकरी होती, तिचं कुठेही निभलं असतं."

त्यांना वाटलं की मला पटलं. माझा हात थोपटत म्हणाले, "आणि आता ते रक्तातलंच निघालं ना? तुझ्याच लोकांनी शोधलं. म्हणजे कुणाचाच दोष नाही. तुझ्या बहिणीचाही नाही, माझाही नाही. बरं झालं की नाही?"

तेव्हा मला त्या रक्ताच्या गोष्टीचा खरा उपयोग कळला. काकीला वाटतंय ती चादर तुझ्यावर घातली आहे. बाबांनी ती कधीच स्वतःकडे ओढून घेतली आहे.

मग त्यांनी पाणी मागितलं. त्यांना पाणी मापाने द्यावं लागतं. मी छोट्या पेल्यातून दिलं, ओठांवरून ओघळलं ते पुसलं, आणि बाहेर जाऊन ओकले. खरंच. बेसिनमध्ये. शेजारी हात धुणारी बाई म्हणाली, "कितवा महिना?"

आता जे मला सांगायलाच हवं ते. मूत्रपिंडं आधीच बंद असताना दिलेल्या त्या इंजेक्शनने अपाय झालाच नसेल, असं मी लिहिणार नाही. कदाचित त्याने भर पडली असेल. वेळेवर नेलं असतं तर काका वाचले असते, हेही मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण तू विचारलंस, आणि तुला उत्तर खोटं मिळालं, आणि ज्याने दिलं त्याला ते खोटं आहे हे देताना माहीत होतं. यात 'कदाचित' नाही. मी स्वतः ऐकलं, दोन्ही वेळा.

खुसपट


११ मार्च

ताई,

काकीला सांगितलं. सांगू की नको यात चार दिवस गेले. मला तर सांगितल्यावरही वाटत होतं की तिला काय वाटेल ते मी लक्षातच घेतलं नाही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचा सदरा हातात होता. सगळं ऐकून म्हणाली, "मी म्हणत होते. आदल्या दिवसापासून म्हणत होते, गाडी बोलवा." मग सदरा तसाच चुरगळून टोपलीत टाकला. मला वाटलं आता रडेल. तर माझ्यावरच उसळली, "तुला आत्ताच हे उकरायचं होतं? माणूस घरी येतोय." आणि आत जाऊन कडी लावली. दारामागून बऱ्याच वेळाने आवाज आला, "त्या पोरीला मी काय काय बोलले गं." तो मला उद्देशून होता की नाही, मला ठरवता आलं नाही.

तेव्हापासून ती बाबांच्या खोलीत जात नाही. जेवणाचं ताट दारातल्या स्टुलावर ठेवते. बाबा मला विचारतात, "हिला काय झालं?" मी म्हणते, तुम्हाला क्रम लागतो, लावून बघा.

आत्या मात्र अजून फोनवर रक्तच सांगते. तिला मी सांगितलं तर म्हणाली, "असू दे गं. लोकांना एकदा सांगून झालंय."

बाबा परवा घरी आले. मूत्रपिंडं थोडी थोडी जागी होत आहेत. अजून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, पण डॉक्टर म्हणतात पुढे तेही सुटेल. मला आनंद झाला. आनंद झाला याचीही किळस आली, आणि किळस आली म्हणून लाज. तुला सगळं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही.

काल त्यांना म्हटलं, ताईला मी सगळं लिहिलं आहे, तुम्ही बडबडीला सांगितलंत ते. आता तुम्हाला काही लिहायचं असेल तर तुमच्या हाताने लिहा. मला वाटलं नाही म्हणतील. पण त्यांनी पेन मागितलं, चष्मा मागितला, उशी पाठीशी घेतली. बराच वेळ लिहीत होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ओट्याचा एकच कोपरा पुसत होते. ताई, मला आशा वाटली होती. ते मी लपवत नाही.

त्यांनी लिहिलं: "चि. थोरलीस आशीर्वाद. तेव्हा सगळेच घाबरले होते. घाबरलेल्या घरात कोण कुणाला काय म्हणालं याला अर्थ नसतो. माझी प्रकृती नाजूक आहे. ये."

वाचून झाल्यावर मी ते त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "बाबा, यात भांडं नाही."

ते म्हणाले, "आजारी माणसाचं पत्र आहे, साक्ष नाही." आणि डोळे मिटले. झोपले नव्हते. झोपल्यावर त्यांचा श्वास वाजतो.

चिठ्ठी फाडणार होते. फाडली नाही. तुझी आहे, तुझ्याकडे यायला हवी, म्हणून सोबत ठेवली आहे. मी एक अक्षरही बदललेलं नाही. वाचायची की नाही हे तू ठरव.

त्यांच्यासाठी नर्स ठरवली आहे. परकी आहे आणि चांगली आहे. तिला पहिल्याच दिवशी दाराबाहेर घेऊन सांगितलं, यांना काहीही देण्याआधी लघवी किती झाली ते यांना विचारू नका, स्वतः बघा. ती म्हणाली, "वडील विसरतात का?" मी म्हटलं, नाही, त्यांची आठवण उत्तम आहे.

काकीने मला 'ये म्हणून लिही' असं सांगून महिना झाला. मी पाच पत्रांत ते माझ्या तोंडाने कुठेही लिहिलेलं नाही, आताही लिहिणार नाही. तू इथे येऊ नकोस. या घरात तुझ्यासाठी माफी नाही, फक्त काम आहे.

मला एवढंच कळव की मी तुझ्याकडे येऊ का. आठवडाभराची रजा मिळेल. तुझ्याकडे जागा नसेल तर मी दुकानाच्या बाहेर भेटेन, तुझी सुट्टी होईपर्यंत थांबेन. त्या संध्याकाळचं तुला जे आठवत असेल ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. कुठूनही सुरू कर, क्रम नसला तरी चालेल.

खुसपट